दुसऱ्यांदा पाहायला आले तेव्हा

मुलाकडचे पुन्हा येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा मी गावी घरीच लॅपटॉप मांडीवर घेऊन खोट्या चाचण्या चालवत बसले होते. खोट्या म्हणजे संगणकातल्या. नागपूरच्या एका औषध कंपनीत मी संख्याशास्त्राचं काम करायची. मूळ औषध आणि त्याची स्वस्त आवृत्ती रक्तात सारखीच उतरतात का, ते आधी थोड्या माणसांवर पाहायचं. निकाल लागला नाही तर आणखी माणसं बोलवायची. पण दोनदा पाहिलं की चुकायची संधीही दोनदा मिळते. म्हणून दोन्ही औषधं सारखी नाहीतच असं धरून मी लाखभर चाचण्या संगणकात घडवायची, आणि तरीही किती पास होतात ते मोजायची. शंभरात पाचांच्या वर गेल्या की ती पद्धत बाद. दुसऱ्या फेरीचा नियमही पहिलीचे आकडे पाहण्याआधीच ठरवावा लागतो. साहेबांना ते जड जायचं.

मुलाकडच्यांना असला काही नियम नव्हता. पहिल्यांदा चौघं आले, पोहे खाल्ले, माझं वय दोनदा विचारलं आणि ‘कळवतो’ म्हणून गेले. आता त्यांच्या घरच्या बायका येणार होत्या.

“कायले येऊन राहिले पुन्हा?” मी आईला विचारलं.

“बायांनी कुठं पायली तुले? बस अजून एकडाव. झिजून जाशील का?”

बसले. महाशिवरात्रीचे दिवस होते. जीपमधून पाचजणी उतरल्या. एकीनं मला दारापर्यंत चालायला लावलं, दुसरीनं केस खरे आहेत का ते ओढून पाहिलं. कॉम्प्युटरवर काय करतेस, असं तिसरीनं विचारलं. पास होऊ नये ते औषध किती वेळा पास होतं ते मोजते, असं मी सांगितलं. तिनं आणखी कढी मागितली. पोटभर जेवून त्या आमच्याकडच्या प्रतापगडला महादेवाच्या यात्रेला निघून गेल्या.

हे स्थळ मामानं आणलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आला आणि अंगणात बसून शांतपणे म्हणाला, “त्या पोराची सोयरीक तिरोड्याले कवाच जमली, बाई. बाया यात्रेले निघाल्या होत्या. तुमचं गाव रस्त्यातच, तर जेवून जाऊ म्हणल्या. तुह्या मायले सांगतलं होतं मी.”

आई लाखोळीची डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“माहीत होतं मले,” ती म्हणाली. “पण पायल्यावर मन फिरते बी एखाद्याचं.”

म्हणजे उत्तर ‘नाही’ आहे हे ठाऊक असून तिनं मला बसवलं, चुकून ‘हो’ निघेल या आशेवर. मी दिवसभर त्याच चुका मोजायची, आणि ती देवापाशी तीच चूक मागत होती. त्या पाचजणींचा राग चार दिवसांत ओसरला. आईवरचा अजून जात नाही. कारण तसं चुकून ‘हो’ निघालं असतं, तर मी निमूट त्या घरी गेले असते, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.