रिकाम्या गाडीची ट्रायल

वहिनीच्या धाकट्या दिराला सगळे कानसेन म्हणत, आणि त्याला ते फार आवडायचं. आवडणारच. सस्पेन्शन असो की स्टेअरिंग, कुठलाही आवाज हा बाबा नुसत्या कानाने ओळखतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचाच हात मोठा होता. गाडी त्याच्या गॅरेजात आली की तो आधी मालकाला खाली उतरवायचा, काचा वर करायचा आणि डोळे अर्धे मिटून एकटाच ट्रायल मारून यायचा. बरोबर कुणी बसलं तर म्हणे त्याचं लक्ष उडतं. नखरे तरी किती असावेत माणसाचे.

वहिनी शाळेची व्हॅन चालवायची. नऊ मुलं, त्यातली एक या कानसेनाचीच लेक. महिनाभर पुढच्या डाव्या चाकापाशी टक् व्हायचं, गतिरोधकावरून उतरता उतरता वळलं की नेमकं. मुलं शाळेत उतरली की गाडी गप्प. वहिनीचा जीव टांगणीला लागला होता. चाकच निखळलं तर नऊ घरांना काय तोंड दाखवायचं? प्रत्येक वळण ती मुंगीच्या पावलाने घ्यायची.

दोनदा तिने गाडी दिराकडे नेली. दोन्हीदा तो एकटाच जाऊन आला.

"काही नाही वहिनी. मनाचे खेळ आहेत."

"भाऊजी, मुलं बसली की वाजतं."

"मग मुलांनाच ग्रीस लावा."

सगळं गॅरेज खो खो हसलं. दुसरीकडे दाखवते म्हटलं तर नवरा उखडला. "घरचं गॅरेज सोडून बाहेर? भावाचं नाक कापायचंय का?" दोघं एकाच माळेचे मणी. भावाच्या नाकापुढे या माणसाला पुतणीसुद्धा दिसेना.

तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा तिने विचारलंच नाही. दोन मिस्त्री, एक रंगारी, वाट बघत बसलेलं एक गिऱ्हाईक आणि शेजारचा अगडबंब टायरवाला, सगळ्यांना तिने व्हॅनमध्ये कोंबलं आणि दिराला म्हणाली, "बसा मागे." चारचौघांत त्याला नाही म्हणता येईना.

फाटकाबाहेरचा गतिरोधक, मग डावं वळण. टक्.

"कुणाच्या तरी खिशात किल्ल्या वाजल्या," कानसेन म्हणाला.

तिने गाडी वळवून पुन्हा तिथूनच नेली. टक्.

"मालक, एवढ्या मोठ्या किल्ल्या कुणाकडे नाहीत," टायरवाला म्हणाला.

परत येऊन मिस्त्र्याने जॅक लावला आणि चाक वरून-खालून धरून हलवलं. पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं ते डुललं. चाक ज्याच्यावर वळतं तो खालचा बॉल जॉइंट पार गेला होता: रबर फाटलेलं, ग्रीसचा पत्ता नाही, आत नुसता गंज. गाडी भरून खाली दबली की तो वाजायचा, रिकामी असली की मुकाट राहायचा. एवढी साधी गोष्ट. आणि वीस वर्षं हा माणूस रिकाम्या गाड्या ऐकत फिरला, अन् लोक त्याला हात जोडत राहिले.

"आणखी चार दिवस टिकला नसता, वहिनी," मिस्त्री हळूच म्हणाला.

तिला दिराची कीव यायला हवी होती. आली ती शिसारी.

कानसेन फडक्याने हात पुसत जवळ आला. त्याच्या हाताला काही लागलेलं नव्हतं. "वहिनी, आमच्या घरी नका सांगू. पोरगी यात बसते, तिच्या आईला कळलं तर..."

"मी कशाला सांगू? आवाज पहिल्यांदा तुमच्या लेकीनेच ऐकला, माझ्याही आधी. तिने तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही काय म्हणालात तेही मला सांगितलंय. ‘तुला काय कळतं गाडीतलं, गप जेव.’"

तो पुन्हा फडक्याने हात पुसू लागला.

"तेव्हापासून वळण आलं की ती सीट घट्ट धरून बसते," वहिनी म्हणाली. "बोलत मात्र काही नाही."