घोडीची ॲसिडिटी

बाबांच्या पांढऱ्या घोडीने भांडुपचे निम्मे नवरदेव मांडवापर्यंत पोचवले असतील. यंदा ऐन लग्नसराईत तिने खाणं टाकलं. चंदीचे दोन घास घ्यायची आणि तोंड फिरवायची. खोगिराचा पट्टा आवळायला गेलं की चावायला धावायची. एकदा बाबांच्या दंडालाच चावली, तेव्हा ते म्हणाले, चावरी घोडी नवरदेवाखाली कोण घेणार, हिला देऊन टाकतो. मला रडूच फुटलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बहुतेक पोटात अल्सर आहे. माझ्या अंगात एकदम वारंच शिरलं. मी मेडिकलमध्ये कामाला, म्हणजे ॲसिडिटी हा माझाच प्रांत! घोड्यांसाठी अँटासिड पावडर मिळते, तीही चिठ्ठीशिवाय, हे मी शोधून काढलं आणि डबा मागवला. भिजवलेल्या कोंड्यात कालवून दिली, तर पठ्ठीने घमेलं चाटूनपुसून साफ केलं. मी चाळभर सांगत सुटले. संध्याकाळी ती पुन्हा तोंड फिरवून उभी. डोस वाढवू का म्हणून मी डॉक्टरांना फोन केला.

त्यांनी उलट विचारलं, तिला खायला कधी देता? मी सरळ सांगून टाकलं, वरातीच्या दिवशी सकाळपासून काहीच नाही. नवरदेव पाठीवर असताना लीद पडली तर अपशकुन, म्हणून या धंद्यात सगळेच घोडी उपाशी ठेवतात. आणि सीझनमध्ये तर रोजच वरात. डॉक्टर वैतागले. घोड्याच्या पोटात दिवसरात्र आम्ल सुटतं, पावडर ते तास-दोन तास शमवते, मग रिकाम्या पोटात परत तेच. औषधाचा कोर्स त्यांनी लिहून दिला, पण आधी गवत द्या म्हणाले.

बाबा ऐकेनात, म्हणे आपलं नाव जाईल. माझं डोकंच सटकलं. "बाबा, तुम्ही एक दिवस उपाशीपोटी वरातीत चालून दाखवा ना."

ते तणतणत बाहेर निघून गेले. तिसऱ्या दिवशी स्वतःच गवताचा भारा घेऊन आले.

महिन्याभराने मुलुंडची वरात होती. बाबांनी पट्टा आवळला, तेव्हाही ती निवांत गवत चघळत होती. मला तर नाचावंसं वाटत होतं! पण हॉलच्या दारातच तिने भलीमोठी लीद टाकली. बँड थांबला, नवरदेवाचे मामा बाबांवर खेकसले.

बाबांनी वाकून लीद घमेल्यात भरली आणि मान वर करून म्हणाले, "जेवून आलीये ती."