उतरल्याची वेळ

श्रीरंगकाका गेले, त्याला सहा आठवडे झाले. ते परतले नाहीत, हे सगळ्यांना सांगायचं काम त्या दिवशी माझं होतं. ते मी दोन तास उशिरा केलं.

शिकागोच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांत आमचा ग्लायडिंग क्लब आहे. या विमानांना इंजिन नसतं. दुसरं विमान दोरानं ओढत वर नेऊन सोडतं. क्लबात पगारी माणूस एकही नाही. कुणी पंख धरून पळतं, कुणी गवत कापतं, कुणी कोण कधी उडालं, कधी उतरलं याची वही लिहितं. एम.एस. करताना मी तिथे गेलो, तर काकांनी, नेपरव्हिलच्या या रिटायर्ड इंजिनिअरनं, माझ्या हातात झाडूच दिला. "आधी हँगर झाड. फ्लाय काय, कुणीही करतं यार!" सत्तरीचा माणूस यार म्हणाला आणि मी कायमचा अडकलो. शेवटचं ग्लायडर आत आल्याशिवाय घरी निघणाऱ्यावर ते जाम उखडायचे.

त्या शनिवारी वही माझ्याकडे होती. ती सोडून मी ग्रिलवर बर्गर उलटवत गप्पा ठोकत होतो. चारला एक पांढरं ग्लायडर उतरलं. मी लांबूनच पाहिलं आणि काकांच्या नावापुढे वेळ टाकली. ते दुसऱ्याचं होतं. सहाला ग्लायडरं आत ढकलताना एक जागा रिकामी राहिली...

सात मैलांवर सोयाबीनच्या शेतात ते सापडले. ग्लायडर धड होतं. हार्ट अटॅक. "लगेच गेले असणार," सगळे म्हणतात. पण पट्टे सोडलेले होते, वरची काच उघडी होती. तिथे फोनला रेंज नव्हती. म्हणजे ते वाट बघत होते. माझी, दुसऱ्या कुणाची?

काकूंना मी सांगितलं होतं, आम्ही लगेच शोधायला निघालो. हे खोटं गिळून जगणं मला जमेना. गेल्या रविवारी नेपरव्हिलला जाऊन सगळं ओकून टाकलं.

"मला माहितेय, अमेय," काकू म्हणाल्या. "चारला तुझाच मेसेज आला होता ना, काका उतरले म्हणून. मी भात लावला."

दर वेळी पाठवायचो, तसाच तोही पाठवला होता. माझ्या लक्षातही नव्हतं. सहा आठवडे त्या हे जाणून होत्या आणि मला चहा करून देत होत्या. माफ केलंत का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

निघताना त्या दारात म्हणाल्या, "शनिवारी चार वाजले की मी अजून फोन घेऊन बसते रे."

काय पाठवू मी त्यांना?