तिच्या पायाला लागून गेलेला गोल

माझी मुलगी सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय संघात निवडली गेली, तेव्हा मला फुटबॉलमधलं एवढंच कळत होतं, की ती बचावाला उभी राहते आणि तिच्या मोज्यांवरचा चिखल कितीही घासला तरी निघत नाही. केडगावच्या मैदानावर मुलांच्यात खेळून ती तयार झाली होती. आता आशियातल्या देशांची स्पर्धा होती आणि ती परदेशी निघाली होती.

पहिल्या सामन्याच्या दिवशी मिरजगावहून सासरे एसटीनं आले. दुपारची वेळ होती. यांनी मोबाईल टीव्हीला जोडला. राष्ट्रगीत लागलं तसे सासरे उठून उभे राहिले, म्हणून आम्हीही राहिलो. कॅमेरा एकेका मुलीवरून सरकत गेला. आमची मुलगी डोळे मिटून गात होती.

बराच वेळ कुणाचाच गोल झाला नाही. मग समोरच्या संघातल्या एका उंच मुलीनं कडेनं चेंडू जोरात आत मारला. आमच्या मुलीनं अडवायला पाय घातला आणि चेंडू तिच्या पायाला लागून आमच्याच जाळ्यात गेला. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं तोंड झाकून घेतलं.

सासरे खूश झाले. "आपल्याच पोरीनं गोल केला न्हवं? मग रडती कशापाई?"

"दादा, तो त्यांच्या नावावर लागला," हे हळूच म्हणाले.

आम्ही त्या एका गोलनं हरलो. शेवटची शिट्टी झाल्यावर आमची मुलगी पुन्हा खाली बसली. ती उंच मुलगी तिच्याजवळ आली, तिनं तिला हाताला धरून उठवलं आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. कितीदा हातात घेऊन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिनंच केला.

"आई, आज काय केलंयस जेवायला?"

"मेथी आणि भाकरी."

"पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं."

मग ती म्हणाली, "इथं भात चिकट असतो गं." आणि हसली. पाठोपाठ रडलीही. मी फोन कानाला लावून नुसती बसून राहिले.

मला वाटलं होतं, आता तिला बाहेर बसवतील. पण प्रशिक्षकांनी पुढच्या सामन्यात तिला पुन्हा उतरवलं. तो बरोबरीत सुटला, त्यानंतरचा आम्ही हरलो आणि संघ परत आला.

मिरजगावात तिचा सत्कार ठेवला होता. शाल-नारळ झालं, भाषणं झाली. त्या गोलचं नाव कुणीच काढेना. मग बोलायला उभी राहिली तेव्हा तीच म्हणाली, "माझ्या पायाला लागून गोल गेला. पाय घातला नसता, तर मागे त्यांची मुलगी मोकळीच उभी होती. म्हणून मी पुन्हा तसाच पाय घालीन."

टाळ्या जरा उशिरानं सुरू झाल्या. सासऱ्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, "बराबर हाय तिचं."

संघाच्या पुढच्या शिबिराचं बोलावणं अजून आलेलं नाही. ती रोज सकाळी मैदानावर जाते. हल्ली चार-पाच लहान मुली तिच्याबरोबर असतात आणि घरी आली, की त्यांच्यातल्या कोणाला डाव्या पायानं मारता येतं, तेच मला सांगत बसते.