पडवीतली धावपट्टी

माझी लेक घाटावरच्या विमानप्रशिक्षण केंद्रातून चार दिवसांसाठी रत्नागिरीला आली, तेव्हा तिच्या पिशवीत कपडे कमी आणि तक्ते जास्त होते. विमान चढवणं, वळवणं, सरळ धरून ठेवणं तिला साधलं होतं. अडलं होतं ते उतरण्यापाशी. एकटीनं उड्डाण करण्याआधी जी परीक्षा होते, तीत ती दोनदा मागे राहिली होती. सोमवारी तिसरी खेप. तीही हुकली तर बरोबरीची मुलं पुढे जाणार आणि हिला मागच्या तुकडीत बसावं लागणार. हे सगळं तिनं दारात चपला काढता काढता सांगितलं आणि लगेच विचारलं, जेवायला काय आहे.

दोष एकच होता. ती फार वेगानं उतरत असे. विमान धावपट्टीवर येई, पण टेकत नसे. हातभर उंचीवर तरंगत राही, अर्धी पट्टी मागे पडे, आणि अखेर प्रशिक्षक ते पुन्हा वर घ्यायला लावत. कमी वेगानं आलं तर विमान स्टॉल होईल, ही धास्ती तिच्या मनगटातच जाऊन बसली होती.

मी कॉलेजात कविता शिकवते. ओळीतला यतिभंग मला दुरून ऐकू येतो, यंत्रातलं मात्र काही कळत नाही. चढावर स्कूटर बंद पडते तसं आकाशात इंजिन बंद पडणं म्हणजे स्टॉल, अशी माझी बाळबोध समजूत होती. लेकीनं ती शांतपणे ऐकून घेतली आणि मला स्कूटरवर मागे बसवून भाट्याच्या पुलावर नेलं.

भरतीची वेळ होती. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या चिखलाचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास होता. तिनं मला उजवा हात बाहेर पसरायला लावला, तळवा पालथा, पाण्याला समांतर. मग अंगठ्याकडची कड किंचित उचलायला सांगितली. उचलली मात्र, वाऱ्यानं हात अलगद वर घेतला, झोपलेलं मूल उचलावं तसा. आणखी उचल, ती म्हणाली. हात चढत गेला, आणि एका क्षणी तो अदृश्य आधार निसटला. वारा आता उचलत नव्हता, नुसता मागे रेटत होता. हात खाली आला.

स्कूटरचं इंजिन चालूच आहे ना, तिनं पुढून ओरडून विचारलं. विमानाचंही चालू असतं. पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा पंखाला सोडून जाते, तोच स्टॉल. वेग जितका कमी, तितकं नाक वर धरावं लागतं. आणि एका मर्यादेखाली ते इतकं वर जातं, की हवा साथ सोडते.

घरी आल्यावर तिनं आकडे मांडले. पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, पूर्ण उघडल्यावर तिच्या दोन आसनी विमानासाठी ही मर्यादा त्रेचाळीस नॉट, ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. उतरायला येताना वेग ठेवायचा त्याच्या एक पूर्णांक तीन दशांश पट, म्हणजे छप्पन्न. वरचे तेरा नॉट वाऱ्याच्या लहरीसाठी आणि माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीसाठी.

मग पडवीत वेताची खुर्ची मांडली गेली. डोळे मिटून, खुर्चीत बसून उतरण्याचा सराव करायचा, अशी प्रशिक्षकांची आज्ञा होती. तिच्या डाव्या हातात लाटणं, ते सुकाणू. उजव्या हातात पळी; ती पुढे सारली की इंजिनाचा जोर वाढे. समोर पाटावर बसून वेग वाचून दाखवणारी मी. विमान फार मंदावलं की वाजणारा इशाऱ्याचा भोंगाही मीच, आणि तो नाकातून काढावा लागे. त्या आवाजानं शेजारचे काका, जन्म जहाजांवर घालवून निवृत्त झालेले, कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे येऊन उभे राहिले.

"काय गो, पोचलीस कुठे?"

"धावपट्टी समोर आहे काका. बोलू नका."

काका गडग्यावर कोपरं टेकून तिथेच थांबले.

मी छप्पन्न म्हटलं की पळी पुढे सरके. साठ म्हटलं तरी हात स्वस्थ नसे. सत्तर ऐकल्यावरच तिचे खांदे सैल होत. तिसऱ्या फेरीला मी पाटावरून उठले आणि छप्पन्नच्या वरच्या चौदा नॉटांचा जाब विचारला. पाच वाऱ्यासाठी, ती म्हणाली. पण ती नापास झाली त्या दोन्ही दिवशी वारा पडलेला होता. पाच प्रशिक्षकांच्या वजनासाठी. पण पुस्तकातले त्रेचाळीस भरलेल्या विमानाचेच होते, हे तिनंच मला शिकवलं होतं.

"आणि उरलेले चार?"

तिनं डोळे उघडले. "असू देत म्हणून. तू माणशी तांदूळ मोजतेस, आणि मग एक मूठ वर टाकतेस ना, तसे."

आमच्याकडे मोजलेल्या तांदळावर अवचित येणाऱ्याची मूठ पडतेच. मुंबईहून कोण केव्हा न कळवता दारात उभा राहील, याचा नेम नसतो. माझ्या हाताला ती मूठ मोजावीही लागत नाही, आणि ती लेकीच्या हातात उतरली आहे हे मला माहीत नव्हतं. मी पुन्हा पाटावर बसले. बोलले ते काका.

"भात उरला तर रात्री फोडणीला पडतो, बाय. वेग उरला तर घालायचा कुठे?"

"पट्टीवर," ती म्हणाली, आणि स्वतःच हसत सुटली. "अर्धी पट्टी त्यातच जाते, काका."

पुढचे तीन दिवस मी छप्पन्न म्हणत राहिले. आधी पळी दचकायची, मग थरथरायची, मग कधीतरी स्थिर झाली. शेवटच्या हातभर उंचीवर ते तेरा नॉटही सोडून द्यायचे असतात, हे मी त्यातच शिकले: नाक हळूहळू उचलत राहायचं, वेग विरत जातो, भोंगा कण्हू लागतो, आणि चाकं टेकतात. माझा भोंगा काकांच्या मते बराच सुधारला होता.

रविवारी ती एस्टीनं गेली. सोमवारी मी दोन तास घेतले. काय शिकवलं ते विद्यार्थ्यांना ठाऊक. फोन दुपारी वाजला.

तीनदा उतरवलं, तिन्ही वेळा ठरल्या जागी, तिनं एका दमात सांगितलं. मग मुख्य प्रशिक्षक इंजिन चालू असतानाच खाली उतरले. एक माणूस कमी झालाय, चोपन्न पुरेत, एवढंच म्हणून त्यांनी दार लावलं. शेजारचं आसन रिकामं. हलकं झालेलं विमान तिला वाटलं होतं त्याच्या आधीच जमिनीवरून सुटलं, आणि वर जाऊन ती एकटीच मोठ्यानं काहीतरी गायली.

"आणि उतरताना?"

"चोपन्न, आई. हात गप्प होता."

मग तिचे दात वाजल्याचा आवाज आला. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर तिथे अंगावर बादलीभर पाणी ओततात म्हणे. ती तशीच निथळत फोनवर उभी होती. मी म्हटलं, आधी डोकं पूस. पुसते, ती म्हणाली, पण मी नेमकी कुठे टेकले ते ऐक, आणि धावपट्टीवरचे पांढरे पट्टे ती मला एकेक करून मोजून सांगू लागली.