वाकडा खांब

आमच्या मुलीला तिचे बाबा लाडाने ‘उद्याबाई’ म्हणत. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं. आम्ही हसायचो. अकरावीत तिच्या हातून एकही काम पुरं होईना, तेव्हा कळलं की हा आळस नव्हे. कोऱ्या कागदासमोर तिचे तळहात घामेजायचे. चूक होण्यापेक्षा सुरुवातच नको. मी समजावलं, ओरडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

समुपदेशक बाईंनी तिला विचारलं, चूक झाली तर नक्की काय होईल? सगळ्यांना तेवढीच दिसेल, ती खाली मान घालून म्हणाली. मग बाईंनी सुचवलं, करूनच बघू. शाळेत पुठ्ठ्याचा पूल द्यायचा होता. त्यातला एक खांब मुद्दाम वाकडा चिकटवायचा, तसाच न्यायचा आणि किती जणांना दिसतो ते पाहायचं. पूल वेळेत दिला नाही तर तिला परीक्षेला बसू देणार नव्हते. तरी आम्ही हात लावायचा नाही, मागे लागायचं नाही, अशी बाईंची अट.

तिचे बाबा तसबिरींना चौकटी करतात. एक डोळा मिटून कड बघण्याची सवय घरीही सुटत नाही. आमच्याकडे कॅलेंडरसुद्धा ओळंबा लावल्यासारखं सरळ. त्यांना सगळं समजावलं होतं. “वाकडं करायलाही शिकवणी लागते होय?” म्हणून हसले, पण कबूल झाले.

तिने पूल केला. रोज थोडा थोडा, खोलीचं दार उघडं ठेवून. मी येता-जाता चोरून बघायचे.

आज पूल द्यायचा शेवटचा दिवस. सकाळी ती अंघोळीला गेली होती, मी डबा भरत होते. बाहेर येऊन बघते तर हे खांबाला अंगठ्याने दाबून उभे, गोंद वाळायची वाट बघत. चेहऱ्यावर वाकडा खांब सरळ केल्याचं समाधान. “जाता जाता जरा हात फिरवला,” म्हणाले. आणि मग त्यांना आठवलं.

ती केस पुसत आली. पुलाकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे दिसत होता,” एवढंच म्हणाली आणि आत जाऊन कडी लावली.

हे दाराशी गेले. जन्मभर काटकोन जुळवलेला माणूस दबक्या आवाजात विचारत होता, “बेटा, परत वाकडा करून देऊ? होता तस्साच?”

शाळेची वेळ टळून गेली. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दार तिलाच उघडू द्या. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून दाराबाहेर बसून आहे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडतो. मग पुन्हा सगळं शांत.