शिवण बाहेर ठेवा, भाऊ

आज सुनंदाबाईंच्या आठवणीच्या कार्यक्रमातून मृण्मयीला बाहेर काढलं.

त्याच मृण्मयीला, जिला शाळेत बसवण्यासाठी बाईंनी जिवाचं रान केलं होतं.

बाईंना जाऊन आज वर्ष झालं. रोह्यात घराच्या पुढच्या खोलीत त्या ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवायच्या. ना बोर्ड, ना ग्रँट.

मी पेणचा. रामवाडीत माझं टेलरिंगचं दुकान. कुठल्या क्लासला गेलो नाही, जुने शर्ट उसवून उसवून शिकलो. गिऱ्हाइकाला सांगतो, शर्ट उलटा करून आतली बाजूपण बघा.

अशा माणसापुढे बाईंनी युनिफॉर्मचं कापड टाकलं.

"शिवण बाहेर ठेवा, भाऊ."

"उलटा शर्ट? रोह्यातले टेलर मेले काय सगळे?"

"तिघांनी हाकललं. तुम्ही चौथे."

मग सांगितलं. मृण्मयी, वय आठ. आतली शिवण, कडेच्या ओव्हरलॉकचा दोरा, मानेवरचं लेबल. आपल्याला जे जाणवतही नाही, ते तिला इतकं बोचतं की वर्गात शर्ट ओढून काढते. मग मार खाते.

मी म्हटलं, "माझी शिवण कोणाला टोचत नाय. सवय लावा पोरीला."

हो, मीच म्हटलं. लपवत नाही.

बाईंनी पिशवीतून भांडी घासायचा काथ्या काढला. चिमूटभर तोडून माझ्या हातावर ठेवला.

"हा कॉलरमध्ये घाला आणि हातातला ब्लाउज पुरा करा."

घातला. ईर्ष्येने घातला. एका बाहीत तीनदा टाका चुकला. तेवढ्यात बायकोचा फोन आला, तिच्यावर उगाच खेकसलो.

"दहा मिनिटं झाली भाऊ," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "तिला पाच तास बसायचं असतं."

तीन शर्ट वाया घालवले, तेव्हा चौथा जमला. शिवण बाहेर घेतली, दीड सुतात, पाव इंचाच्याही आत, चपटी दाबली, दोरा कापडाच्याच रंगाचा. कॉलर ताठ ठेवणारं बकरम काढलं. लेबल नाहीच. कापड आधी चार वेळा धुतलं. दहा फुटांवरून कळणार नाही शिवण कुठल्या बाजूला आहे.

तरी बाई बोट फिरवून म्हणाल्या, "काखेत अजून टोक हाय."

माझ्या कामात चूक काढणारं हे पहिलं माणूस.

मुख्याध्यापक तयार नव्हते. युनिफॉर्म म्हणजे युनिफॉर्म. बाई रोज त्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसल्या. नवव्या दिवशी परवानगी मिळाली.

तोंडी.

मी म्हटलं होतं, लेखी घ्या. बाई म्हणाल्या, "सरांनी शब्द दिलाय."

पहिल्या दिवशी मृण्मयीच्या आईचा, कल्पनाचा फोन आला. "भाऊ, शर्ट अंगावरच हाय! शाळा सुटली तरी काढीत नाय!"

मग बाई गेल्या. त्यांच्याबरोबर परवानगीही गेली.

या जूनमध्ये शाळेने कल्पनाला सांगितलं, उलटा शर्ट चालणार नाही. पोरगी तेव्हापासून घरी.

आणि आज त्याच शाळेच्या हॉलमध्ये बाईंच्या फोटोला हार! माणसं चाळीस, स्पीकर दोन, माणसाच्या उंचीचे. कोणासाठी कार्यक्रम आहे, एवढा तरी विचार करायचा.

माईक किंचाळला. मृण्मयीने कान दाबले आणि तीही किंचाळली.

एक आयोजक कल्पनाला म्हणाले, "ताई, हिला बाहेर न्या. कार्यक्रमाचं गांभीर्य आहे की नाही?"

व्यासपीठावर मुख्याध्यापक थांबलेसुद्धा नाहीत. "बाईंची संवेदनशीलता आपण सर्वांनी..."

नंतर मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी आधी माईक बंद केला. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो.

खिशातून काथ्या काढला. बाईंनी दिलेलाच, शिलाईच्या डब्यात जपून ठेवलेला.

"सर, हा कॉलरमध्ये घाला आणि संवेदनशीलतेचं भाषण परत करा."

सर हसले. "भाऊ, हा विषय इथे नको."

"मग कुठे? बाई होत्या तेव्हा केबिनबाहेर होता. आता पोरगी घरात बसलीय."

सरांनी काथ्याला हात लावला नाही. म्हणाले, "सोमवारी या, बघू."

"बघू नाय. सोमवारी ती वर्गात बसणार आणि तुम्ही लेखी देणार. नाय दिलंत, तर देईपर्यंत मी केबिनबाहेर बसतो. जागा मला माहीत हाय."

बाहेर ओट्यावर मृण्मयी बसली होती. बाईंसाठी ती तोच शर्ट घालून आली होती. बाह्या आखूड झाल्यात. वर्षात वाढलीय पोर.

मी खिशातली टेप काढली. तिला हात लावायचा नसतो. टेपचं टोक तिच्या हातात द्यायचं, ते ती स्वतः खांद्यावर धरते. बाईंनी शिकवलंय.

तिने धरलं. बाही अकरा इंच.

बाई, निवांत असा. सोमवारचा शर्ट कापायला घेतलाय.

शिवण बाहेरच ठेवतोय.